ग्लॅम्पिंग, तंबू, राहुटी, पाल : पत्रकात नेमकं काय लिहावं?

प्रश्न, अंबाजोगाईहून

भाचा सहली काढतो. उन्हाळ्यात लडाख, हिवाळ्यात जैसलमेर आणि पावसानं उघडीप दिली की आपल्याच बालाघाटात. यंदा त्याला मराठी पत्रक पाहिजे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘ग्लॅम्पिंग’ म्हणजे ग्लॅमरस आणि कॅम्पिंग यांचं कडबोळं. इंग्रजीतही ते नवंच, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात २०१६ साली आलं. अर्थ सरळ आहे. झोपायचं तंबूतच, पण पलंग, गादी, दिवा पाहिजे आणि न्हाणीघर तंबूला लागून पाहिजे. मी ‘विलासी छावणी’, ‘राजेशाही राहुटी’ आणि ‘आलिशान तंबूनिवास’ असे तीन पर्याय काढले. भाचा म्हणतो, मामा, हे वाचून कुणी पैसे भरणार नाही.

दुसरं अडलंय ते ‘कॅम्पसाइट’पाशी. जागा म्हणावं, तळ म्हणावं की स्थळ? (स्थळ म्हटलं की आमच्याकडं लोक आधी पोराचा पगार विचारतात.)

बीडहून

सर, छावणी तेवढी काढा. २०१३ च्या आणि २०१९ च्या दुष्काळात आमच्याकडची माणसं जनावरांसोबत चारा छावणीत राहिली, तिथंच चूल मांडली. आमच्या जिल्ह्यात ‘छावणीत राहून आलो’ म्हटलं तर नजारा कसा होता असं कुणी विचारणार नाही, पेंड मिळत होती का ते विचारतील. संभाजीनगरात छावणी म्हणजे लष्कराचा भाग, तो निराळा. पण पत्रक बीडातही वाटणार असाल तर नकोच.

आणि कुणी ‘कोपी’ (ऊसतोड्यांची झोपडी) सुचवायच्या आत सांगून ठेवते. ऊसतोडीला गेलेली आमची माणसं साखर कारखान्याजवळ कोपीतच हंगाम काढतात. तोच शब्द उचलून त्यापुढं ‘इको’ लावायचं आणि रात्रीचं भाडं घ्यायचं, हे मला तरी बघवणार नाही.

लोह्याहून

ताईंशी सहमत. तोच हिशेब ‘पाल’ला लावा. आमच्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचे, गाढवांचे व्यापारी येतात, भटक्या समाजाची माणसं येतात, त्यांची पालं पडतात. शब्द नपुंसकलिंगी : ते पाल, ती पालं. स्त्रीलिंगी केलात तर भिंतीवरची पाल होते, आणि पत्रकात ‘सुसज्ज पाल’ वाचून गिऱ्हाईक यायचं नाही. क्रियापदही बघा. पाल ‘ठोकतात’, ‘टाकतात’ किंवा ‘पडतं’. तंबू ‘उभारतात’. कापड तेच, काठ्या त्याच. आत कोण झोपतं त्यावर शब्द बदलतो.

छत्रपती संभाजीनगरहून

मग वरच्या अंगाचा शब्द घ्या की : डेरा. मराठीत अजूनही माणूस ‘डेरेदाखल’ होतो. कुठं? तर डेऱ्यात. मुघल बादशहांच्या फिरत्या मुक्कामात तंबूंचे दोन संच असायचे. एकात बादशहा राहायचा, दुसरा पुढच्या मजलीवर आधीच रवाना व्हायचा. त्या पुढं जाणाऱ्या लवाजम्याला पेशखाना म्हणत. औरंगजेबानं दक्षिणेतली शेवटची वर्षं बहुतेक अशा मुक्कामांतच काढली. १७०७ साली अहमदनगरला वारला आणि खुलताबादेत आणून पुरला. गादी, दिवा, कनात आणि न्हाण्याची सोय हे सगळं त्याच्याकडंही होतं. तेव्हा ग्लॅम्पिंगचा शोध आत्ताच लागला असं भाच्याला वाटत असेल तर कळवा.

आमच्या गल्लीतल्या दखनीत ‘खेमा’ चालतो. पण मराठी पत्रकात डेरा बरा.

लोह्याहून

डेऱ्यात दोन खोट आहेत. एक, आमच्याकडं डेरा म्हणजे पाण्याचा मोठा माठ. दोन, हल्ली ‘डेरा’ ऐकलं की बाबा आठवतो.

गंगाखेडहून

राहुटी वाईट नाही. शेगावची पालखी आमच्यावरून पंढरीला जाते, दिंड्यांच्या राहुट्या पडतात. राहुटी म्हटलं की लहान, सुटसुटीत, सकाळी गुंडाळायची असं डोळ्यापुढं येतं. तिला ‘राजेशाही’ लावलं की दोन्ही शब्द एकमेकांकडं पाठ करून बसतात.

‘कॅम्पसाइट’ला मात्र तळच. पालखीतळ सगळ्यांना कळतो. पाणी जवळ, जमीन कोरडी, माणसं मावतील एवढी जागा हे सगळं त्या एका शब्दात आलं.

सावध व्हा ते ‘वाळवंटा’ला. आमच्यासारख्या वारकऱ्याला वाळवंट म्हणजे चंद्रभागेचं, नाहीतर गोदावरीचं, नदीच्या पात्रातलं. ‘वाळवंटात मुक्काम’ वाचून माझी आई म्हणेल, पाणी आलं तर?

धाराशिवहून

आईंचं बरोबर आहे. खऱ्या मरुभूमीतही कोरड्या पात्रात तंबू टाकत नाहीत. पाऊस कोसभर लांब पडतो आणि इथं आभाळ निरभ्र असताना लोंढा येतो. जॉर्डनमध्ये ‘वादी रम’ला परदेशी लोक काचेसारख्या पारदर्शक तंबूत झोपायला जातात. तिथला ‘वादी’ म्हणजे कोरड्या नदीची दरीच. आपण त्याचं ‘वाडी’ केलं तर कुणाला तरी रमवाडी नावाचं गाव वाटेल. लेहला २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली तेव्हाही पाणी न् चिखल कोरड्या नाल्यांनीच गावात उतरला होता.

मला वाटतं तुम्ही चुकीच्या शब्दापाशी अडलात. ग्लॅम्पिंग राहू द्या तसंच, ज्याला परवडतं त्याला ते कळतं. जमिनीचे शब्द मात्र मराठीच ठेवा, कारण ते नेमके आहेत. पत्रकात ‘निसर्गरम्य परिसर’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘डोंगराच्या सोंडेवर’ लिहिलं की त्याला कळतं : नजारा मोठा, पण वारा अंगावर. ‘घळीत’ म्हटलं की पाण्याची भीती. ‘खोलगटात’ म्हटलं की पहाटे काकडणार, कारण रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि तिथंच साचते. पावसाळ्यात मी सौताड्याच्या बाजूला गेलो की दरीच्या तोंडाशी थांबत नाही, मागं सरून आडोशाचा उंचवटा बघतो. ‘आडोसा’ हा एकच शब्द इंग्रजीतल्या अख्ख्या वाक्याचं काम करतो. एकट्या झाडाखालचा आडोसा मात्र विजेच्या दिवसांत नको.

जैसलमेरचं म्हणाल तर सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथं अशा सोयीच्या तंबूंना ‘स्विस टेंट’ हाच शब्द रुळलाय, तो बदलू नका. दुपारी ऊन, रात्री हुडहुडी. हवा कोरडी आणि आभाळ मोकळं असल्यानं जमिनीची ऊब झरझर निघून जाते. पत्रकात ‘गुलाबी थंडी’ लिहाल तर लोक शाल घेऊन येतील, रजई लागते. आणि टेकडीच्या माथ्यावर तंबू मागणाऱ्याला सांगा की वाळू वाऱ्याबरोबर सरकते, रात्रभर कनातीवर आपटत राहते. टेकड्यांच्या मागं, कडक जमिनीवरचा तळ चांगला. सूर्यास्त बघायला चालत जावं.

लडाखला तर शब्दांपेक्षा उंची आधी छापा. लेहच ३५०० मीटरवर, पँगाँग सरोवर ४२०० च्याही वर. आपलं म्हैसमाळ हजाराच्या आतबाहेर. पहिल्या दिवशी पँगाँगच्या काठी झोपवलं तर गादी कितीही मऊ असो, डोकं धरून बसतील. नुब्रा खोऱ्यातल्या हुंदरला दोन वशिंडांचे उंट आहेत, वाळू आहे आणि मागं बर्फाचे डोंगर. तिथं ‘थंड वाळवंट’ लिहायला हरकत नाही, त्यात घोटाळा होत नाही.

प्रश्नकर्ता, अंबाजोगाईहून

सगळ्यांचं घेऊन असा मसुदा केलाय :

‘ग्लॅम्पिंग. तळ बालाघाटाच्या पठारावर, ओढ्यापासून दूर, पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा. तंबूत पलंग, गादी, रजई, लागून न्हाणीघर. तंबूचं तोंड पूर्वेला.’

बीडहून

छान झालं. फक्त ‘ओढ्यापासून दूर’ वाचून बायका विचारतील, मग पाणी कुठून? ‘टँकर येतो’ ते लिहा. आपल्याकडं ते आधी लिहावं लागतं.

लोह्याहून

आणि ‘न्हाणीघर’मध्ये संडास येत नाही. तो वेगळा छापा, नाहीतर पहिला फोन त्यासाठीच येईल.