दापोली-गुहागरकडे वाडी घेतलेले नाशिककर : तुमचे अनुभव लिहा

निवृत्तीच्या पैशातून दापोली, हर्णै, गुहागरकडे पाच-दहा एकर जागा आणि तिच्यावरचं घर बघणारी बरीच मंडळी सध्या नाशकात भेटतात. समुद्र किती जवळ आहे ते एजंट सांगतोच. मे महिन्यात आणि आषाढात तिथे काय होतं, ते मात्र राहिलेल्यांनीच सांगावं. म्हणून हा धागा. पाणी, घर, कागद, राखण, जे भोगलं असेल ते मोकळेपणाने लिहा.

निफाडहून :
आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा घरातच होता. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शहरातल्या मित्रांनो, इसार देण्याआधी हे बघाच.
पण खरा प्रश्न पाण्याचा. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, निफाडला त्याच्या पाव हिस्साही नाही. तरी एप्रिलमध्ये तिथली विहीर तळाला जाते. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि उतारावरून खाडीला मिळतं. आंब्याच्या नव्या कलमांना तर पहिले काही उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. आपल्याकडची शेततळ्याची सवय इथे कामी आली. वाडीच्या वरच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद अंथरून तळं केलं, खालच्या कलमांना ठिबक पंपाशिवाय चालतं. दिवाळीनंतर गावकरी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, मातीच्या पोत्यांचा बंधारा घालतात. त्या कामाला आपण स्वतः हजर राहावं असं मला मनापासून वाटतं. त्या बंधाऱ्यामुळे आपल्याही विहिरीला पाणी टिकतं, आणि गाव आपल्याला ओळखू लागतं.

गंगापूर रोडवरून :
सासूबाईंच्या माहेरचं घर आमच्याकडे आलं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात सुपारीची वाडी अक्षरशः आडवी झाली, कौलं उडाली, वीज यायला कित्येक आठवडे गेले. सासूबाई त्या दिवसांत फोनवर फक्त झाडांची नावं विचारायच्या, कुठला माड उभा आहे, कुठला गेला. आम्ही सुपारी पुन्हा लावली, तिला धरायला पाच-सहा वर्षं लागतात.
घराचं म्हणाल तर खारा वारा लोखंड ठेवत नाही. बिजागऱ्या, कड्या पितळेच्या घ्या, पत्र्याचे स्क्रू दरवर्षी तपासा. मेअखेर कौलं परतून घ्यायची आणि पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधायची. बंद घराला पावसात बुरशी येते. शेजारच्या काकू अधूनमधून येऊन चूल पेटवतात, खिडक्या उघडतात. त्यांना दरमहा पैसे देतो, आणि वाडीतले नारळ-सुपारी निम्मे त्यांचे. घर टिकलंय ते त्यांच्यामुळे.

सिडकोतून :
वणव्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आमचा काजू मोहोरावर असताना शेजारच्या मोकळ्या माळावरून आग आली. दगडी गडगा गुरं अडवतो, आग नाही. जानेवारीतच सीमेच्या आतून गवत कापून जाळपट्टा काढा.

पंचवटीतून :
जागा बघताना वाट बघा. आमच्या सात एकरांना जायची वाट दुसऱ्याच्या गटातून आहे, आणि जुनी वहिवाट कुठेच नोंदलेली नव्हती. मोजणी करून घेतली, जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. सामाईक 7/12 असेल तर मुंबईतल्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या व्यवहाराआधीच घ्या. कलम 143 खाली कुणाला रस्ता मिळाला असेल तर कोणकोणते कागद जोडले ते इथे लिहा, आम्हाला पुढच्या तारखेआधी हवं आहे.