जपाननं युनिफिकेशन चर्चवर बंदी घातली? कुठे घातली?

ठाणेकर_शिरीष
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती, "जपानसारख्या लोकशाही देशानेसुद्धा युनिफिकेशन चर्चवर बंदी घातली, आपण अजून बोलतच बसलोय". वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. युनिफिकेशन चर्च म्हणजे दक्षिण कोरियात सुरू झालेला, देणग्या उकळण्यावरून जपानमध्ये वादात सापडलेला पंथ. पण अहो, बंदी नाहीये ती! २५ मार्च २०२५ ला टोकियो जिल्हा कोर्टानं विसर्जनाचा आदेश दिला. म्हणजे धार्मिक संस्था म्हणून असलेली नोंदणी आणि करसवलत जाणार, मालमत्तेतून देणी भागवली जाणार. पण त्यातले दहा जण कुणाच्या घरी जमून प्रार्थना करत बसले तर पोलीस दार वाजवणार नाहीत. ओम शिनरिक्यो या जपानी पंथाचं बघा ना. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत त्यांनी सरिन हा विषारी वायू सोडला, त्याच वर्षी विसर्जनाचा आदेश निघाला, पण खरीखुरी बंदी घालायला १९५२ चा विध्वंसक कारवायांचा कायदा लावा म्हटल्यावर जानेवारी १९९७ मध्ये त्यासाठीच्या सरकारी आयोगानं चक्क नकार दिला. ओममधूनच निघालेली आलेफ ही संघटना आजही आहे, सरकारी नजरेखाली आहे पण आहे. लोकशाहीनं दिलेल्या सवलती काढून घ्याव्यात, श्रद्धेला हात लावू नये. या दोन गोष्टी एक करू नका.

अ‍ॅड_मुग्धा
कागदावर बरोबर आहे शिरीष. पण हॉल गेला, खातं गेलं, कर्मचारी गेले, मग राहिलं काय? आणि ओम असो की २००२ मध्ये विसर्जित झालेली म्योकाकुजी ही मंदिर-संस्था, तिथे वरच्या लोकांवर फौजदारी खटले होते. इथे सगळा डोलारा दिवाणी दाव्यांवर उभा आहे. मार्च २०२५ मध्येच तिथल्या सुप्रीम कोर्टानं दिवाणी गैरकृत्यसुद्धा कायद्याचं उल्लंघन धरलं आणि दार सताड उघडलं. जपानचा इतिहास काय सांगतो? १९३५ ला ओमोतो या पंथावर पोलिसांनी धाड घातली, नंतर त्यांची देवळं डायनामाइट लावून उडवली, तेव्हासुद्धा सरकारच्या हातात कायदाच होता.

टोकियोची_वैशू
ताई, १९३५ मध्ये लोकशाही होती का तिथे? तेव्हाच्या पोलिसांची आणि आजच्या कोर्टाची तुलना करूच कशी शकता! मी इथे राहते. जुलै २०२२ ला नारा शहरात माजी पंतप्रधान आबेंना गोळी घातली तेव्हा ऑफिसात सगळे सुन्न होते, आणि नंतर गोळी घालणाऱ्या त्या यामागामीच्या आईनं चर्चला दहा कोटी येनच्या आसपास दिले होते हे बाहेर आलं. खुनाचं समर्थन कुणीच करत नाहीये. पण तुमचे पितर तळमळतायत, हा कलश घ्या, हा संगमरवरी पॅगोडा घ्या, असं सांगून बायकांना लुटत होते ना वर्षानुवर्षं? ही श्रद्धा नाही, धंदा आहे.

काका_मिरजकर
आईनं स्वतःचे पैसे दिले, मुलाला आणि सरकारला काय करायचंय? माझ्या आजीनं स्वतःच्या नावावरची जमीन विकून मठाला दिली. माझ्या बापानं आणि चुलत्यांनी गावभर केलं की म्हातारीला भुरळ घातली, तिचं डोकं फिरलंय. तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, कुळाचा हिशेब तोंडपाठ होता तिला! बाई पैसा देते म्हटलं की तिला अक्कल नाही असं धरूनच चालता तुम्ही लोक.

टोकियोची_वैशू
तुमच्या आजी खमक्या होत्या. माझी मावशी नव्हती. काका गेल्यावर एका महाराजांच्या माणसांनी तिला गाठलं, मुलाला साडेसाती आहे, घरावर पितृदोष आहे, पाटल्या गेल्या, एफडी मोडली, शेवटी मंगळसूत्रातल्या वाट्या काढून दिल्या तिनं. आम्ही विचारलं तर म्हणे मी खुशीनं दिलं. अहो, घाबरलेलं माणूस खुशीनंच देतं!

काका_मिरजकर
मग प्रत्येक नवसाची चौकशी लावा! भीती कुठल्या धर्मात नाही? तुमच्या मावशीला तेव्हा सांभाळलं कुणी, तुम्ही की महाराजांच्या माणसांनी?

टोकियोची_वैशू
हे जास्त होतंय हं काका. माझ्या घरात कोण कुणाला सांभाळत होतं ते तुम्ही सांगू नका.

अ‍ॅड_मुग्धा
दोघं थांबा जरा. काका, घरच्यांवर जाऊ नका. आपल्याकडे हा वाद नवा नाही. मुंबई राज्यानं १९४९ ला धर्मबहिष्काराविरुद्ध कायदा केला, १९६२ ला सय्यदनांच्या, म्हणजे दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या, खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, कारण बहिष्कार हा पंथाचा अंतर्गत धार्मिक अधिकार ठरवला. त्यानंतर किती बोहरा कुटुंबांना दफनभूमीपासून लग्नापर्यंत त्रास झाला! महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करायला २०१६ उजाडलं. म्हणजे कोर्टानं हात आखडला तरी माणसं भरडतात, हे मीही बघते. तरीही संस्था मोडायचा अधिकार सरकारला द्यायला माझं मन धजत नाही.

ठाणेकर_शिरीष
मुग्धाताई, अधिकार सरकारला नाहीच. तिथल्या मंत्रालयानं आधी चौकशी केली, माहिती दडवली म्हणून संस्थेला दंड करा अशी मागणी कोर्टाकडे केली, मग ऑक्टोबर २०२३ ला विसर्जनासाठी अर्ज केला, दीड वर्ष सुनावणी चालली. आपल्याकडे यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली आधी अधिसूचना निघते आणि न्यायाधिकरण नंतर बसतं, त्याला म्हणतात बंदी. आणि काका, तुमच्या मुद्द्यावर जपाननं डिसेंबर २०२२ मध्येच कायदा केलाय. राहतं घर विकून किंवा कर्ज काढून देणगी द्या अशी गळ संस्थेनं घालायची नाही, आणि भीती घालून देणगी काढली असेल तर घरातल्या अवलंबितांना पोटगीपुरते पैसे परत मागता येतात.

काका_मिरजकर
घर विकायला लावू नका, ठीक आहे, एवढं मान्य. पण आजीला कुणी लावलं नव्हतं, ती स्वतःच्या पायानं तलाठ्याकडे गेली होती. ते कोर्टात सिद्ध कसं करायची ती? चुलते चौघं, ती एकटी.

टोकियोची_वैशू
आणि मावशीला लावलं होतं हे आम्ही कसं सिद्ध करायचं? पावती एकाही गोष्टीची नाही.

अ‍ॅड_मुग्धा
पावती नसली तरी सोनाराकडे मोडीची नोंद असेल, एफडी मोडल्याच्या तारखा बँकेत मिळतील. वैशू, मला मेसेज कर.