अनुभव धागा: उन्हाळी दुपार आणि घरातला सिनेमा

ठाण्यात गेले चार दिवस बारानंतर बाल्कनीचं दार उघडवत नाही. काल पडदे ओढले, फरशीवर चटई टाकली आणि लेकीबरोबर एक जुना सिनेमा पाहिला. लहानपणच्या दुपारी आठवल्या. तुमच्याही असतील. घर कुठलं, सिनेमा कुठला, शेजारी कोण बसलं होतं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट लागत. आधी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या, मग सिनेमा. कधी मल्याळी, कधी आसामी, कधी बंगाली. ते कंटाळवाणे असायचे असं बरेच जण म्हणतात, मला मुळीच पटत नाही. आजी पंख्याखाली बसायची आणि खाली येणारी इंग्रजी अक्षरं बाबा तिला मराठीत सांगायचे. एका रविवारी सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ लागला. मुलगी गेलेली असते, बाप परगावाहून येतो, त्याला काहीच ठाऊक नसतं. तिच्यासाठी आणलेली साडी तो बायकोच्या हातात देतो. तिला रडू फुटतं, पण तिचा आवाज येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. खाली अक्षरं नव्हती, बाबा गप्प. आणि काय झालं म्हणून आजीनंही विचारलं नाही. तिनं पदर तोंडाशी धरला होता. तिची एक मुलगी आठव्या वर्षी तापानं गेली होती, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

वाशीहून

१९८८ साली आम्ही सिडकोच्या घरात राहायला आलो. मे महिन्यात अख्खा मजला वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचा. भाडं चोवीस तासांचं, त्यामुळे दुपारी झोपायचं कुणी नावच काढत नसे. खिडक्यांना चादरी, मधोमध कलिंगडाची परात. चित्रावर मुंग्या आल्या की समोरचे काका झाकण उघडायचे आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कागद हेडवर हलक्या हातानं धरायचे. तेवढा वेळ वीस माणसं श्वास रोखून! कॅसेट रिवाइंड करून परत द्यायचं काम माझं. ती गुंडाळताना मशीनवर हात ठेवला की ऊब लागायची. अजून आठवते.

कळव्याहून

आमचं घर पत्र्याचं. दुरुस्तीसाठी शुक्रवारी सकाळी वीज जायची ती कधी कधी संध्याकाळीच यायची. पंखा नाही, टीव्ही नाही. आई फरशीवर पाणी शिंपडायची, ओला पंचा डोक्यावर घ्यायची आणि आम्हा तिघांना सिनेमा सांगायची. हो, सांगायची. लग्नाआधी पाहिलेले सिनेमे तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होते. गाणं आलं की ती पूर्ण म्हणायची, मधलं संगीतसुद्धा. खलनायक आला की हातातला पुठ्ठा, ज्यानं ती वारा घालत होती, तो थांबायचा. ‘मग काय झालं’ असं आम्ही विचारायचो, कारण पुढचं हवं असायचं आणि वाराही हवा असायचा. त्यातले काही सिनेमे मी पुढे मोठ्या पडद्यावर पाहिले. नायिका आईसारखी बोलत नव्हती म्हणून मला चुकल्यासारखं वाटलं.

ऐरोलीहून

अनुभवापेक्षा थोडी माहिती. आमची हॉलची खिडकी पश्चिमेची. अकराच्या आत ती बंद करून जाड पडदा ओढायचा, गरम व्हायच्या आधी. वाळ्याचा पडदा असेल तर तासातासाला पाणी मारायचं, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत नुसती दमट हवा कोंडते. समुद्राकडचा वारा सुटला की जीव येतो. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असेल त्या दिवशी तो उशिरा येतो, आणि तेच दिवस सगळ्यांत कडक जातात. अशा दिवशी लांबलचक सिनेमा निवडावा. आम्ही तेच करतो.

खारघरहून

२०२० चा उन्हाळा. मी इथे, आई दापोलीजवळच्या गावात एकटी, गाड्या बंद. कंटाळा येतो म्हणाली, म्हणून रोज दुपारी दोन वाजता व्हिडिओ कॉल लावून दोघींनी एकच सिनेमा पाहायचा ठरवलं. ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम सुरू करायचो, तरी तिचा चार सेकंद पुढे पळायचा. तिचं हसू आधी यायचं, विनोद मागून. दोनदा थांबवून जुळवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. ती हसली की मीही आधीच हसायला लागले. तिच्या मोबाइलमध्ये मला अर्धा चेहरा आणि मागची पन्ह्याची बरणी दिसायची.

२ जूनला ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. सगळ्यांना पाठ असलेला, तरी तिला तोच हवा होता. मध्यंतराच्या सुमारास तिच्याकडे वारा वाढला. वाळत घातलेली आमसुलं आणि फणसपोळी आत घ्यायची म्हणून ती उठली. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. ती सुखरूप असल्याचा निरोप चौथ्या दिवशी शेजारच्या मुलाकडून आला. पुढले कितीतरी दिवस वीज नाही, नेटवर्क नाही. मी टीव्हीवर तो सिनेमा तसाच अर्धवट ठेवला होता.

वीज आली त्या दुपारी तिचा फोन आला. पत्रे उडाले, सुपारीची बाग आडवी झाली, हे ती नंतर बोलली. पहिलं वाक्य होतं, “आहेस ना गं घरी? जिथे थांबवलास तिथूनच लाव.”