पिंप हा शब्द आला कुठून? घरात वाद पेटलाय, मदत हवी आहे

मंडळी, तीन दिवस आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर एकच विषय चालू आहे, तो आता तुम्हीच मिटवा.

शनिवार पेठेतला आमचा वाडा रीडेव्हलपमेंटला जातोय म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढणं चाललंय, त्यात आजेसासूबाईंच्या वेळचं पिण्याच्या पाण्याचं तांब्याचं पिंप निघालं, कमरेएवढं उंच, वर कडीचं झाकण, खाली पितळी तोटी आणि गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजेसासऱ्यांचं नाव. काळंकुट्ट झालं होतं. चिंच-मीठ लावून एक बाजू घासली तर नाव वाचता यायला लागलं. तेवढ्यात लेक (सातवीत आहे) म्हणते, आई हा ड्रम कसला भारी आहे! म्हटलं ड्रम नाही गं, पिंप. मग पिंप म्हणजे नक्की काय, आणि ड्रम का नाही? इथे माझी बोलती बंद.

कारण बघा ना, लग्नाच्या हॉलमध्ये तोटीवालं स्टीलचं असतं ते पिंप, रस्त्याच्या कडेला डांबराने माखलेलं पडलेलं असतं ते पण पिंप, पेपरात कच्च्या तेलाचा भाव येतो तो प्रतिपिंप, आणि टँकर येणार म्हणून सोसायटीत भरून ठेवतात ते निळं प्लॅस्टिकचं मात्र ड्रम. असं का?

सासरे म्हणतात पूर्वी पिंपळाच्या लाकडाची करत असणार म्हणून पिंप (आणि वर, "पिंपरी पण त्यातलीच"). नवरा म्हणतो इंग्रजी पाइपवरून. मी म्हटलं संस्कृत असेल, काहीच सुचलं नाही की आपण तेच म्हणतो. कोण बरोबर?

जाता जाता दुसरा प्रश्न, तोटी थेंब थेंब गळतेय, टाकून नवीन बसवू की दुरुस्त होते?

प्रतिसाद १
तिघंही चूक, नवरोबा जरा कमी चूक. शब्द पोर्तुगीज आहे, पिपा. म्हणजे दारू, पाणी वगैरे भरायचं लाकडी पट्ट्यांचं, लोखंडी कड्यांनी आवळलेलं मोठं भांडं. जहाजावर पिण्याचं पाणी त्यातूनच न्यायचे. हिंदीत त्याचाच पीपा झाला, नदीवर पिपे बांधून तरंगता पूल करतात तो पीपे का पुल. आणि इंग्रजीत सुद्धा पाइप म्हणजे दारूचं मोठं पिंप असा अर्थ आहे, पोर्ट वाइन त्या मापाने मोजतात, एक पाइप साधारण ५५० लिटरचा. म्हणजे पाइप आणि पिंप चुलत भावंडं, फक्त आपल्याकडे ते इंग्रजांच्या हातून आलं नाही एवढंच.

प्रतिसाद २
बादली, घमेलं ही पण पोर्तुगीज बरं का. मोरीतली निम्मी भांडी त्यांचीच निघतील.

प्रतिसाद ३
पण पिपाचं पिंप कसं झालं, हा टिंब कुठून आला?

प्रतिसाद १
इथे सासरेबुवांना अर्धा मार्क द्या. संस्कृतातल्या पिप्पलचा आपण पिंपळ केला, पिप्पलीची पिंपळी केली. हिंदीवाले पीपल म्हणतात, आपण नाकातून बोलतो. तिकडे पीपा, इकडे पिंप, तोच प्रकार. लाकडाशी मात्र काही संबंध नाही आणि पिंपरीशी तर अजिबातच नाही, त्यांना हळूच सांगा.

प्रतिसाद ४
ताई, पेपरातलं प्रतिपिंप आणि डांबराचं पिंप एक समजू नका. तेलाच्या भावातलं पिंप म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, जवळजवळ १५९ लिटर, ते फक्त माप आहे, तेवढं भांडं कुठे ठेवलेलं नसतं. आपण बघतो तो लोखंडी ड्रम दोनशे लिटरच्या वरचा. मी ऑइलच्या धंद्यात आहे, नवीन पोरं कायम गोंधळतात. ड्रम की पिंप याचं उत्तर विचाराल तर आमच्या गोडाऊनला म्हातारे हमाल पिंप म्हणतात, बिलावर ड्रम लिहिलेलं असतं, वस्तू तीच. प्लॅस्टिकचे आले तेव्हा नावासकट आले, म्हणून ते ड्रमच राहिले.

प्रतिसाद ५
सगळं बाहेरून आलं असं वाटून वाईट वाटून घेऊ नका, उलटा प्रवास पण आहे. इंग्रजी टँकचं मूळ डिक्शनऱ्यांमध्ये बघा, गुजराती-मराठी टांकं दिलेलं सापडेल, सोबत पोर्तुगीज टांकेचीही भेसळ. टाकं म्हणजे सिंहगडावर देवटाकं आहे ना, तेच. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलखती गाड्या गुपचूप बनवल्या, कामगारांना कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगायचे, ते नाव तसंच चिकटलं. १९१६ च्या सप्टेंबरात त्या पहिल्यांदा रणांगणावर उतरल्या. त्यामुळे रणगाड्याच्या नावात थोडं आपलं टाकं आहे, हे लेकीला सांगा, शाळेत भाव खाईल.

धागाकर्ती
बापरे, सगळ्यांना थँक्यू! रात्री जेवताना वाचून दाखवलं. नवरा कॉलर ताठ करून बसलाय. सासरे म्हणाले पोर्तुगीज कशाला येतील शनिवारात, आणि मग पाच मिनिटांनी, "बादली पण?" लेकीने एक लिटरच्या बाटलीने मोजून पिंप भरलं, ४३ बाटल्या बसल्या आणि सगळी फरशी ओली. तोटीचं कोणीच बोललं नाही पण.

प्रतिसाद ६
तोटी अजिबात टाकू नका. कसब्यात तांबट आळीत घेऊन जा, आतला दट्ट्या घासून परत बसवून देतात. पिंप आख्खं न्या, नुसती तोटी नेऊ नका, नाहीतर जोड बसत नाही म्हणून परत पाठवतील. आणि बाहेरून मशीनने पॉलिश करू का असं विचारलं तर नको म्हणा, ठिपक्यांचं नाव पुसट होतं.