पावसानंतर ओव्हरहेड टेलिफोन केबलमधल्या तीन-चार जोड्या बिघडल्या, फॉल्ट कुठे ते कसं काढायचं?

प्रश्न – साखरपट्टा
कारखान्याच्या ईपीएबीएक्सपासून (अंतर्गत टेलिफोन एक्सचेंज) कॉलनीच्या डीपीपर्यंत (घरोघरी लाइन वाटणारी पेटी) 20 जोड्यांची, 0.5 मिमीची केबल खांबांवरून गेली आहे. लांबी 850 मीटर, खांब 50 मीटरवर. जुलैत अकराव्या खांबावर नवा जॉइंट मारला. आता 7 नंबरची जोडी डेड आहे. 11 नंबरवर सकाळी खरखर येते, ऊन चढलं की थांबते. 14 आणि 15 वर एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, बाकी दोन्ही चालू. मल्टिमीटरवर 11 नंबरला शॉर्ट, अर्थ काहीच दिसत नाही. टीडीआर (केबलमधल्या फॉल्टचं अंतर थेट दाखवणारा मीटर) नाही. मल्टिमीटरला कपॅसिटन्सची रेंज आहे, मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणारा मीटर) मिळेल. सगळी केबल उतरवायची वेळ येऊ नये.

उत्तर – जंपरवाला
उतरवू नका. आधी दोन्ही टोकं मोकळी करा: एमडीएफवर (एक्सचेंजकडची केबल जोडण्याची चौकट) जंपर, म्हणजे जोडतारा काढा, डीपीवर ड्रॉप वायर, म्हणजे घरापर्यंत जाणारी तार काढा. निम्म्या वेळा फॉल्ट ड्रॉप वायरमध्येच निघतो आणि माणसं केबल शोधत बसतात.

7 नंबरसाठी कपॅसिटन्स पुरे, तो तारेच्या लांबीच्या प्रमाणात असतो. बाकीच्या सगळ्या तारा आणि शील्ड (आवरणाखालचं धातूचं वेष्टन) एकत्र बांधा, त्यांच्याशी 7 नंबरची एकेक तार मोजा. एक 64 नॅनोफॅरड आणि दुसरी 41 आली, तर 41 वाली तुटली आहे. 41 भागिले 64 गुणिले 850, म्हणजे साधारण 545 मीटर. मग डीपीकडून तीच तार मोजा, 23 च्या आसपास यायला हवी. दोन्ही अंतरांची बेरीज 850 च्या जवळ येत नसेल तर तुटलेल्या ठिकाणी पाणीही आहे, त्या आकड्यावर खांब चढू नका.

अंतराचा खांब करताना एमडीएफपासून पहिल्या खांबापर्यंतची केबल आणि जॉइंटपाशी गुंडाळून ठेवलेलं वेटोळं वजा करा. झोळाला उगाच दोष देतात. 50 मीटरच्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या अंतरात) पाऊण मीटर झोळ असला तरी केबल जेमतेम 3 सेंटीमीटर जास्त लागते.

लूप रेझिस्टन्सवरून (जोडीच्या दोन्ही तारांचा मिळून रेझिस्टन्स) शॉर्टचं अंतर काढायचं झालं तर 0.5 मिमीला किलोमीटरला सुमारे 170 ओहम धरा, पण हा आकडा 20 अंशांचा. तांब्याचा रेझिस्टन्स अंशाला 0.39 टक्के वाढतो. भर उन्हात केबल 40 अंशांवर असेल तर 850 मीटरच्या टोकाला 65 मीटरची चूक होते, म्हणजे एक खांब सोडून पुढे.

उत्तर – ओलीतार
11 नंबर हा लो इन्सुलेशन आहे, म्हणजे ओलीमुळे तारेतून करंट गळतो. मल्टिमीटर थोड्या व्होल्टांवर मोजतो, त्याला ओल कळत नाही. मेगर 100 किंवा 250 व्होल्टांवर लावा, तेही सकाळी सात-आठला, कारण दुपारी फॉल्ट वाळलेला असतो. त्याआधी एमडीएफवरचे गॅस अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या नळ्या) काढा. 230 व्होल्टांचा अरेस्टर 250 वर पेटतो आणि चांगली जोडी खराब दिसते.

ओमच्या रेंजवर प्रोब उलटे करून आकडा वेगळा आला किंवा हलत राहिला तर ते पाणीच, कारण ओल्या जागी छोटी बॅटरी तयार होते. वाट पाहत बसलात तर पॉझिटिव्ह बाजूची तार हिरवी पडून तुटते आणि 11 नंबरही 7 सारखा डेड होतो.

जागा ब्रिजने (रेझिस्टन्सची तुलना करून अंतर काढणारं उपकरण) काढतात: पलीकडे खराब तार एका चांगल्या तारेला जोडून, या पद्धतीला मरे लूप म्हणतात. मात्र चांगल्या तारेचं इन्सुलेशन खराब तारेच्या शंभरपट तरी असावं. एक लक्षात ठेवा. पाणी शिरतं वरच्या क्लॅम्पजवळच्या घासलेल्या किंवा खारीने कुरतडलेल्या आवरणातून, आणि साचतं गाळ्याच्या मधोमध, झोळाच्या तळाशी. ब्रिज तळ दाखवेल, पण भोक क्लॅम्पपाशी शोधा.

साखरपट्टा
मोजलं. 7 नंबरची एक तार 64, दुसरी 40, पलीकडून 23. पण 14-15 ला काय करायचं? कंटिन्युइटी बरोबर आहे, मेगरही बरा.

उत्तर – जंपरवाला
40 म्हणजे 530 मीटर, पलीकडून बघितलं तर 545. अकराव्या खांबाच्या आसपासच, म्हणजे तुमचा जुलैचा जॉइंट. तोच उघडा, 14-15 चंही उत्तर तिथेच मिळेल. 14 ची जोडी काळी-तपकिरी आणि 15 ची काळी-करडी. जोडीच्या तारांचा पीळ सोडताना दोन काळ्या तारा अदलाबदल झाल्या, पुढे डीपीवर मल्टिमीटरचा बीप वाजवून पुन्हा बरोबर जागी लावल्या. डीसीवर सगळं नीट दिसतं, पण मधल्या भागात पीळ दुसऱ्याच तारेचा असल्याने बोलणं झिरपतं. प्रत्येक जोडी पीळ न उघडता दोऱ्याने बांधून मगच कापावी.

नवा जॉइंट जेली भरलेल्या यूवाय कनेक्टरने (दोन तारा दाबून जोडणारी छोटी टोपी) करा. इन्सुलेशन सोलायचं नाही, तारा तळापर्यंत घालून पक्कडीने सपाट दाबायचा. पीव्हीसी टेप नको, ती पाणी धरून ठेवते. शील्ड दोन्ही बाजूंची जोडा. क्लोजरचं (जॉइंटवरचं झाकण) तोंड खाली, आणि केबल त्यात शिरण्याआधी खाली वळवून घ्या, म्हणजे पाणी वळणावरून गळून पडेल.

उत्तर – ओलीतार
चढण्याआधी मेसेंजर तारेला (केबल पेलणारी पोलादी तार) हात लावू नका. मल्टिमीटरची एसी रेंज लावून मेसेंजर ते अर्थ मोजा. त्याच खांबांवर विजेची लाइन असेल तर पावसाळ्यात मेसेंजरवर करंट उतरलेला असू शकतो. व्होल्टेज दिसलं तर आधी विजेची लाइन बंद करून घ्या, मग शिडी लावा.