कॅमेऱ्याला टार्गेट लावणं म्हणजे आळशीपणा?

मृण्मयी_के: काल इथे एकाने लिहिलं, "कॅमेऱ्याला 'ट्रॅक टू' लावणारा ॲनिमेटर नव्हेच. नजर हाताने फिरवता येत नसेल तर धंदा बदला." दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा. ('ट्रॅक टू' म्हणजे कॅमेऱ्याला ठरलेल्या टार्गेटकडे आपोआप बघायला लावणारी सोय.)

ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये एम्प्टी, म्हणजे चित्रात न दिसणारी खूण, टाकून कॅमेरा तिच्याकडे वळवला की पात्र फ्रेममध्ये राहतं. बोंब होते ती एम्प्टी थेट पात्राच्या सांगाड्यातल्या डोक्याच्या बोनला बांधली की. पात्र चालतं, डोकं वरखाली होतं आणि मागचं अख्खं घर हलतं. यात कन्स्ट्रेंटचा, म्हणजे 'ट्रॅक टू'चा, काय दोष? एम्प्टी मोकळी ठेवा, तिला मोजक्याच की (अमुक फ्रेमला अमुक जागा अशा नोंदी) द्या, पात्र निघाल्यावर ५-६ फ्रेमांनी तिला निघू द्या. तालीम झालेली असली तरी सेटवरचा ऑपरेटर नटाच्या किंचित मागेच असतो. टार्गेट लावून विसरून जाणाऱ्यांना खुशाल आळशी म्हणा, पण सरसकट सगळ्यांना नको.

कीफ्रेम_बाबा: ते वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. टार्गेट लावलं की पॅन-टिल्टचे (आडव्या-उभ्या वळण्याचे) कर्व्ह, म्हणजे हालचालीच्या रेषा, ग्राफ एडिटरमध्ये उरतच नाहीत. कॅमेरा हातभर सरकवला की कोनही बदलतो. तो कोन कुणी ठरवला, तुम्ही की सॉफ्टवेअरने? आणि कॅमेरा टार्गेटच्या बरोबर डोक्यावरून नेऊन बघा. एका फ्रेममध्ये १८० अंशांत गर्रकन उलटतो. रात्रभर रेंडर (शेवटची चित्रं तयार करणं) लावून सकाळी हे बघितलंय मी. तेव्हापासून चार एम्प्टी, एकीच्या पोटात दुसरी: जागा, पॅन, टिल्ट, रोल (कलणं). डायरेक्टर म्हणाला "थोडं डावीकडे", तर एकच कर्व्ह हलवायचा.

जुना_मॅक्सवाला: बाबा, उलटण्यावर उपाय आहेत. माया या दुसऱ्या ३डी सॉफ्टवेअरमध्ये तिसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्याला टार्गेटसोबत 'अप'चं हँडल मिळतं, वरची बाजू कुठली ते आपणच सांगायचं. ब्लेंडरमध्ये 'डॅम्प्ड ट्रॅक' हा वेगळा कन्स्ट्रेंट एम्प्टीवर लावा, कॅमेरा तिचा चाइल्ड करा, म्हणजे तो तिच्याबरोबर वळेल. क्षितिज कललं तर कॅमेऱ्याला रोल द्या.

पण आमचं दुखणं वेगळंच आहे. पुण्यात बिल्डरांचे वॉकथ्रू, म्हणजे इमारत आतून-बाहेरून फिरवून दाखवणारे व्हिडिओ, करतो. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबाने फ्रेममागे जेमतेम ६ सेंटिमीटर. क्लायंटला गेटपासून गच्चीपर्यंत सगळं एका मिनिटात हवं, म्हणजे कॅमेरा पळवायचा. वर १८ एमएमची लेन्स (आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं), १० बाय १२ ची खोली लग्नाचा हॉल दिसते. तिथे टार्गेट लावा नाही तर हाताने फिरवा, बघणाऱ्याला गरगरणारच.

रागिणी_३डी: असाच व्हिडिओ बघून माझ्या वडिलांनी फ्लॅट बुक केला. ताबा मिळाल्यावर पलंग टाकला, तर कपाटाचं दार उघडेना. लेन्स तुम्ही लावता ना?

जुना_मॅक्सवाला: मी ठरवत नाही हो ताई. २८ लावून दाखवली, क्लायंट उठून गेला. काम दुसऱ्याने १६ वर केलं. मलाही घर चालवायचंय.

रागिणी_३डी: प्रत्येक जण हेच सांगतो. निदान कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, दीड मीटर. आणि तो भिंतीबाहेर नेऊन 'क्लिप स्टार्ट' (ज्याच्या अलीकडचं कॅमेऱ्याला दिसतच नाही ते अंतर) वाढवून भिंत कापायची, ही सरळ फसवणूक आहे. त्या जागी उभं राहून ती खोली कुणालाच कधी दिसणार नाही.

कीफ्रेम_बाबा: विषय कॅमेऱ्याच्या नजरेचा आहे. फ्लॅटची गाऱ्हाणी दुसरीकडे मांडा.

रागिणी_३डी: नजरेबद्दलच बोलतेय. कॅमेरा कुठे बघतो यावर तुम्ही एवढं भांडताय, तो कुठून बघतो हे कुणी विचारायचंच नाही? आणि आवाज चढवू नका.

मृण्मयी_के: बाबा, साध्या शॉटला तुमची चार एम्प्टींची मांडणी चांगली, मान्य. पण 'फॉलो पाथ'वर, म्हणजे आखलेल्या वाटेवरून, पात्राभोवती गोल फिरताना हाताने पॅन करून दाखवा. दोन कीच्या मधल्या फ्रेमांत पात्र बाजूला सरकतंच. कर्व्ह हवेच असतील तर 'व्हिज्युअल कीइंग' चालू ठेवून 'बेक ॲक्शन' करा, टार्गेटमुळे झालेली सगळी हालचाल कीमध्ये उतरते.

कीफ्रेम_बाबा: हो, फ्रेमागणिक एक की! त्या गर्दीत सुधारायचं काय? गोल फिरणाऱ्या शॉटपुरतं टार्गेट चालवून घेईन. तेवढंच. डोक्याला बांधलेला शॉट आला तर परत पाठवीन.

मृण्मयी_के: तो मीही परत पाठवते.

जुना_मॅक्सवाला: रागिणीताई, डोळ्यांच्या उंचीचं पटलं. पुढच्या कामात २४ एमएम आणि दीड मीटर मांडून बघतो. क्लायंट ऐकेल असं वाटत नाही.

रागिणी_३डी: क्लिप स्टार्टचं उत्तर अजून दिलं नाहीत.