वेरूळ-अजिंठा झालं, लातूरहून दोन दिवसांत काय बघावं?

गोदाकाठची: नमस्कार मंडळी. डिसेंबरात पुण्याहून लातूरला मावशीकडे चाललोय. सोबत दोन लेकरं, थोरला दहावीत, धाकटी सातवीत. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद शाळेच्या सहलीत उरकलंय. थोरल्याला इतिहासाचं वेड, धाकटीचं डोकं कायम दगड, भूकंप, ज्वालामुखी यांत. नुसती देवळांची रांग लावली तर दोघंही गाडीतून उतरायचे नाहीत. दोन दिवस हाताशी आहेत. काय सुचवाल?

हुरडा_पार्टी: धाकटीसाठी लोणार, दुसरं काही शोधूच नका! उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेलं विवर, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास व्यास. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते हेच. खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले.

मांजराकाठचा: लोणार बुलढाण्यात येतं हो, विदर्भवाले ऐकतील. जालन्याहून ते सोयीचं. लातूरहून जाण्यायेण्यातच दिवस खपेल.

बालाघाटी: ताई, उत्तरेकडं बघूच नका. लातूर – तेर – नळदुर्ग – किल्लारी – लातूर असा फेरा मारा, मुक्काम तुळजापूरला.

तेर आज तेरणाकाठचं साधं गाव दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं. तिथून पुढं जहाजानं पश्चिमेला. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या, त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथं आहे. थोरल्याला तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती दाखवा. अशाच धाटणीची मूर्ती इटलीत पाँपेईच्या ढिगाऱ्यात निघाली, आणि पाँपेई गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये. मग विचारा, आपल्या भागातलं कोण कुठवर पोचलं होतं? दोन तास गप्प बसणार नाही तो.

देवळांना नाही म्हणालात, तरी त्रिविक्रमाचं एक चुकवू नका. पुढून बघून परत फिरू नका, मागं जा. विटांचं बांधकाम आणि छत हत्तीच्या पाठीसारखं गोल उतरतं. बौद्ध चैत्याची ठेवण ती.

नळदुर्गला बोरी नदी अडवून किल्ल्यात बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढल्यात, तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. नदी भरली की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा. डिसेंबरात धबधबे मिळतीलच असं नाही, पण महाल आतून नीट बघता येतो.

गोदाकाठची: तेरचं माहीतच नव्हतं! पण किल्लारी? ती काय सहलीला जायची जागा आहे का?

पत्र्याचं_घर: प्रश्न बरोबर आहे ताई. मी सास्तूरकडचा. सहल म्हणून येऊ नका, पण या नक्की.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. भूकंप सव्वासहा रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा नाही. तरी आठ-दहा हजार माणसं गेली, ती घरांमुळं. दगडाच्या जाडजूड भिंती, त्याही मातीत रचलेल्या, आणि डोक्यावर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून लाकडावर मातीचा थर, दरवर्षी गळती थांबवायला त्यावर आणखी माती. भिंती फाकल्या आणि ती सगळी माती अंगावर आली. नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडची म्हातारी माणसं पक्क्या घरात झोपायला तयार नव्हती, पत्र्याच्या शेडमध्येच पडायची.

धाकटीला सांगण्यासारखं हे की हा भाग हिमालयासारखा प्लेटांच्या कडेला नाही, दख्खनचा टणक पाषाण आहे. इथं मोठा भूकंप होत नाही असंच धरून चालले होते. आदल्या वर्षी किल्लारीत धक्के बसले होते, तरीही. पुढं शास्त्रज्ञांनी तिथं खोल विंधणं घेऊन अभ्यास केला. जुन्या गावठाणात जा, स्मारकापाशी थांबा. सेल्फी तेवढी नको.

मांजराकाठचा: वाटेत लोहारा तालुक्यातलं हिप्परगा घ्या. तिथल्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवायचे. पुढं हैदराबाद संस्थानातल्या लढ्याचं नेतृत्व त्यांनीच केलं. पुण्याच्या लेकरांना १५ ऑगस्ट ठाऊक असतो, आपला १७ सप्टेंबर १९४८ कुणी सांगत नाही. तेरा महिने उशिरा सुटलो आपण.

हुरडा_पार्टी: बरं, लोणार सोडलं. पण थोरल्याला उदगीर दाखवायलाच पाहिजे. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथं हरवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या जोरावर. वर्षाच्या आत भाऊ आणि गारदी दोघंही पानिपतावर गेले.

बालाघाटी: उदगीर उलट्या दिशेला आहे राव! या फेऱ्यात कोंबलं तर नुसतं पळापळ होईल. त्यासाठी मावशीकडचा एक जादा दिवस काढा. परतीच्या वाटेवर औशाचा किल्ला लागतो, तेवढा बघितला तरी तहान भागेल.

गोदाकाठची: ठरलं मग. पहिला दिवस तेर आणि नळदुर्ग, दुसरा हिप्परगा आणि किल्लारी, वेळ उरला तर औसा. जेवणाचं काय?

पत्र्याचं_घर: तेरला भरवसा ठेवू नका, मावशीकडून भाकरी-ठेचा बांधून घ्या. आणि संग्रहालयाला सुट्टी कोणत्या वारी ते निघायच्या आधी फोन करून विचारा. एवढ्या लांबून येऊन कुलूप बघायला नको. कधी निघायलाव?